जोडींतला धाकटा पेला

जुनी वस्तु विकण्याविषयीं लिहिण्याचा तुम्हांस अधिकार तो काय, असें आमच्या वाचकांपैकीं कोणी विचारील तर आमच्यापाशीं उत्तर नाहीं. आमच्या घरांत जुनें म्हणून कांहीं विकलें गेल्याचें आम्हांस आठवत नाहीं. लुगडीं-धोतरें बोहारणीच्या टोपलींत जात व त्यांचीं भांडीं होऊन येत. पितळेची फुटकी घागर मोडींत जाई. आणि चिनी मातीची बशी चिरली म्हणजे ती लोणच्याच्या बरणीवर झांकण होऊन आणखी दहा वर्षें संसार करी. पण ‘ही आमची वापरलेली वस्तु, हिचे इतके पैसे द्या’ असें अपरिचित माणसास सांगण्याची वेळ आमच्यावर साठी उलटल्यानंतर आली, आणि तीहि परमुलखांत, जपानांत. तिची हकीकत ह्या महिन्यांत सांगावयाची आहे. तींत आमच्या हातून घडलेला एक अपराध आहे, तोहि यथास्थळीं सांगूं.

आमचे चिरंजीव व सूनबाई आठ वर्षें तोक्योच्या निशिकासाई भागांत बिऱ्हाड करून होते. ह्या भागांत भारतीय कुटुंबांची वस्ती एवढी आहे कीं जिन्यांत फोडणीचा वास येतो आणि परक्या देशांत आल्याचें दडपण निम्मे उतरतें. गेल्या वर्षीं त्यांनीं पुण्यास परतावयाचें ठरविलें, तेव्हां आवराआवरीस हातभार लावण्यासाठीं आम्ही उभयतां तीन आठवडे तिकडे जाऊन राहिलों. बिऱ्हाड मांडण्यापेक्षां मोडणें कठीण. विमानवाल्यांची वजनाची मर्यादा ठरलेली. आणि तोक्योंत टाकून देणेंहि फुकट नाहीं. एक फुटाहून मोठी वस्तु टाकावयाची म्हणजे नगरपालिकेस आधीं कळवावें, पैसे भरून चिठ्ठी आणावी, ती वस्तूवर चिकटवावी, आणि नेमून दिलेल्या दिवशीं ती दाराबाहेर ठेवावी. कचरा करावयासहि पैसे मोजावे लागतात असें पाहून आमच्या कुटुंबानें तीन वेळां ‘काय बाई देश!’ असें म्हटलें. दोन वेळां कौतुकानें व एकदां रागानें.

विकावयाच्या म्हणून सूनबाईनें बाजूस काढलेल्या वस्तूंत हलक्या पांढुरक्या लांकडाची एक पेटी होती. हें किरी नांवाच्या झाडाचें लांकूड. झांकणावर शाईनें लिहिलेलीं अक्षरें, आणि आंत कापडांत गुंडाळलेले दोन बिनकानाचे पेले. एक मोठा, दुसरा त्याहून बोटभर लहान. अशा जोडीस जपानी लोक ‘मेओतो युनोमी’ म्हणतात. मेओतो म्हणजे नवराबायको, आणि युनोमी म्हणजे रोजचा चहा पिण्याचा उभट पेला. मोठा यजमानांचा, धाकटा घरधनिणीचा. आमच्या सूनबाई मात्र पहिल्या दिवसापासून मोठ्यांतून पीत आली, कारण चिरंजिवांस हिरवा चहा काढ्यासारखा लागतो व धाकट्यांत तो कमी मावतो. शास्त्र आपल्या जागीं!

ही जोडी चिरंजिवांच्या कचेरींतील एका वयोवृद्ध सहकाऱ्यांनीं त्यांच्या नव्या संसारास भेट म्हणून दिलेली होती. मिळालेली भेट विकावी काय, हा प्रश्न आमच्या कुटुंबानें लागलीच काढला. सूनबाईनें तो आधींच सोडविला होता. तिनें त्या गृहस्थांस फोन करून स्पष्ट विचारलें होतें, आणि त्यांचें म्हणणें असें पडलें कीं, पुण्याच्या कपाटांत शोभेला बसण्यापेक्षां, हे पेले कोठले आहेत हें ज्याला कळतें अशा कोणाच्या रोजच्या वापरांत ते राहिले तर त्यांस अधिक बरें वाटेल. पेले कोठले आहेत ह्यावर त्यांनीं एवढा भर कां दिला, तें आम्हांस मागाहून समजलें.

हे पेले ओबोरी सोमा जातीचे. सोमा हें नांव ऐकून आमच्या वाचकांस सोमरसाची आठवण होईल, पण येथें तें जपानच्या ईशान्येकडील एका जुन्या सरदारघराण्याचें नांव आहे. फुकुशिमा प्रांतांत नामिए नांवाचें गांव आहे. त्याच्या हद्दींतील ओबोरी ह्या वाडीवर सुमारें १६९० सालापासून हीं भांडीं घडत आलीं. सरदाराघरचा पाठिंबा होता तरी भांडीं मात्र शेतकऱ्यांच्या घरांतलीं, रोजच्या राबत्याचीं. १९७८ साली जपान सरकारनें परंपरागत कारागिरींच्या यादींत ह्या कामाचा समावेश केला.

सोमा पेला ओळखण्याच्या तीन खुणा सूनबाईनें आम्हांस दाखविल्या. पहिली, त्यावर कुंचल्याच्या चार फटकाऱ्यांनीं काढलेला धांवता घोडा. सोमा घराण्याचा मुलूख घोड्यांच्या उत्सवासाठीं जुन्या काळापासून प्रसिद्ध आहे. घोड्याचें तोंड नेहमीं डावीकडे असतें. ‘ज्याच्या उजवीकडे कोणी निघत नाहीं’ असें जपानींत अजोड माणसास म्हणतात, त्यावरून ही चाल पडली असें सांगतात. दुसरी खूण म्हणजे भिंत दुहेरी. चाकावर दोन पेले वेगळाले घडवावयाचे आणि ओले असतांनाच एकांत एक बसवावयाचे. मध्यें पोकळी राहते, त्यामुळें आंतला चहा लौकर निवत नाहीं व बाहेर हात पोळत नाहीं. भाजतांना पोकळींतली हवा कोंडूं नये म्हणून बाहेरच्या भिंतीस छिद्रें ठेवतात. तीं उडत्या पांखरांच्या आकाराचीं असतात. कान न लावतां कढत पेला धरण्याची ही युक्ति पाहून, फुलपात्र पदराच्या टोकानें धरून चहा पिणाऱ्या आमच्या आजीची आम्हांस आठवण झाली.

तिसरी खूण ह्या हकीकतींत सर्वांत महत्त्वाची. पेल्यावर निळसर हिरवी झिलई असते, आणि त्या झिलईंत कोळ्याच्या जाळ्यासारख्या असंख्य बारीक रेघा असतात. भट्टींतून निघालेलें भांडें निवूं लागलें म्हणजे झिलई मातीपेक्षां अधिक आकसते व जागोजाग तडकते. तेव्हां भांडीं बारीक किणकिण आवाज करतात. मग कारागीर त्या रेघांत काळी शाई घासून भरतो, म्हणजे जाळें स्पष्ट दिसतें. रेघा झिलईपुरत्याच, मातीपर्यंत त्या पोंचत नाहींत. आपल्याकडे जो दोष म्हणून कुंभाराच्या तोंडावर फेंकला असता, तो तिकडे भांड्याचा अलंकार आहे.

आतां ओबोरी वाडीची गोष्ट. ११ मार्च २०११ रोजीं त्या किनाऱ्यावर भूकंप झाला, मागोमाग समुद्र आंत आला, आणि फुकुशिमाच्या अणुवीजकेंद्रांत अनर्थ झाला, हें वाचकांस ठाऊक आहेच. ओबोरी त्या केंद्रापासून सुमारें १० किलोमीटरवर. भूकंपानें मांडणीवरचीं भांडीं फोडलीं. पण भट्ट्या ज्यांच्या शाबूत होत्या त्यांनाहि हातांतलें काम टाकून गांव सोडावें लागलें. वीसेक भट्ट्यांचे कारागीर दहा दिशांस पांगले. झिलईचा दगड तेथल्याच डोंगरांतला, तो वापरतां येईना. प्रांतांतील प्रयोगशाळेच्या साह्यानें दुसरे पदार्थ मिसळून तिचा तो रंग पुन्हां साधावा लागला. २०१२ साली निहोनमात्सु येथें कारागिरांच्या संघानें तात्पुरती कर्मशाळा उभी केली. कित्येकांनीं दुसऱ्या गांवीं भट्ट्या घातल्या, कित्येकांनीं काम सोडलें. नामिएच्या कांहीं भागांत २०१७ साली लोकांस परतण्याची मोकळीक मिळाली, पण ओबोरीवरचे निर्बंध अंशतः उठावयास २०२३ उजाडलें. आमच्यापुढची जोडी २०११ च्या पूर्वीं, ओबोरींतच घडलेली. पेटीच्या झांकणावर त्या भट्टीचें नांव होतें.

विक्रीची जागा म्हणजे मोबाईलवरची ‘मेर्कारी’ नांवाची बाजारपेठ. ती २०१३ साली निघाली व आज जपानांत घरोघर चालते. रीत अशी: वस्तूचीं छायाचित्रें व वर्णन आपण लावावयाचें व किंमत सांगावयाची. घेणारा पैसे कंपनीकडे भरतो. वस्तु पोंचली, पाहिली, ठीक आहे, असा शेरा त्यानें दिला म्हणजे कंपनी दहा टक्के आपले ठेवून बाकी आपणांस देते. टपालाची अशीहि सोय आहे कीं विकणाऱ्याचें नांव-पत्ता घेणाऱ्यास कळत नाहीं व घेणाऱ्याचा विकणाऱ्यास कळत नाहीं. स्वतःच्या वापरांतली वस्तु विकावयास परवाना नको. विकण्यासाठींच जुनें गोळा करणाऱ्यास मात्र १९४९ च्या कायद्याप्रमाणें तो पोलिसांमार्फत घ्यावा लागतो.

वस्तूची स्थिति सांगण्यास सहा पायऱ्या नेमलेल्या आहेत. पहिली अगदीं नवी, दुसरी नव्यासारखी, तिसरी ‘लक्षांत येण्याजोगे ओरखडे वा डाग नाहींत’, चौथी ‘थोडे ओरखडे वा डाग आहेत’, पांचवी ‘आहेत’, सहावी ‘एकंदर स्थिति वाईट’. ही यादी ऐकून आमच्या कुटुंबानें आम्हांस चौथ्या पायरीवर बसविलें. आम्ही तें मान्य केलें.

सूनबाईनें पेल्यांस तिसरी पायरी दिली, आणि ती खरी होती. तिनें खिडकीपाशीं पांढऱ्या कापडावर ठेवून दहा छायाचित्रें घेतलीं: वरून, खालून, आंतून, बुडाच्या कडेचें, पेटीच्या झांकणाचें. पेटी नसती तर किंमत निम्मी झाली असती, असें ती म्हणाली. हें ऐकून आम्हांस पुण्याची तांबट आळी आठवली. आमच्याकडे जुन्या भांड्याची किंमत तागडी ठरविते. घडविणारा कोण तें कोणी विचारीत नाहीं, आणि भांड्यावर कोरलेलें ‘चि. सौ. कां.’ इत्यादि नांव असलें तरी मोडीच्या भावांत त्याचा एक पैसा वाढत नाहीं. जपानांत लांकडी झांकणावरच्या चार अक्षरांस पेल्याइतका मान.

आणि दुसऱ्याच्या उष्ट्या पेल्याविषयीं काय? ज्या शहरांत १४ ऑक्टोबर १८९० रोजीं पंचहौद मिशनांत पुढें आलेल्या चहामुळें रानडे-टिळकांसारख्यांवर ग्रामण्य झालें, त्याच शहरचे आम्ही. मातीचें भांडें एकदां उष्टें झालें म्हणजे तें धुऊन शुद्ध होत नाहीं, हें आमच्या आजीचें ठाम मत होतें. धातूस चिंच व राख आहे, मातीस कांहीं नाहीं. तिनें हा बाजार पाहिला असता तर तिला अन्न गोड लागलें नसतें. कोणी अनोळखी गृहिणी आमच्या सुनेच्या ओंठांस आठ वर्षें लागलेला पेला पैसे मोजून घेते, आणि तो ‘चांगला वापरांतला’ आहे म्हणून संतोष मानते!

किंमत साडेपांच हजार येन ठेवली. पहिल्या दोन दिवसांत तिघांनीं प्रश्न विचारले. एकानें निम्म्या किमतीस मागितले. दुसऱ्यानें हे पेले त्या दुर्घटनेच्या आधींचे कीं नंतरचे, असें विचारलें. भीतीनें कीं आवडीनें, तें त्याच्या ओळीवरून कळेना. सूनबाईनें, पेल्यांनीं तो गांव २०११ च्या कित्येक वर्षें आधींच सोडला आहे, असें खरें तें कळविलें. तिसरीनें एवढेंच विचारलें कीं घोडा दोन्ही पेल्यांवर आहे ना? आहे म्हणतांच तिनें पूर्ण किंमत भरली. ती बाई आहे असें आम्हीं तिच्या लिहिण्याच्या वळणावरून धरलें होतें. पुढें तें खरें ठरलें.

त्याच रात्रीं आमच्या हातून तो प्रकार झाला. सकाळीं पेले बांधावयाचे होते. सर्व मंडळी निजली असतां, जातां जातां आपणहि कांहीं उपयोगी पडावें म्हणून आम्हीं पेले नळाखालीं धरले. मोठा धुतला. धाकटा धुतांना साबणाच्या हातांतून निसटला नाहीं, केवळ वळला, आणि त्याची कड तोटीस लागली. आवाज मोठा नव्हता. चमचा बशीस लागावा तेवढा. आम्हीं पेला पुसला, दिव्याखालीं धरला, आणि कांहीं झालें नाहीं असें स्वतःस सांगितलें. रेघा तर पूर्वींपासूनच शेंकडों होत्या. मग चष्मा आणून पुन्हां पाहिलें. शेंकडों रेघा काळ्या होत्या, आणि कडेपासून आंत दोन बोटें उतरलेली एक रेघ बिनरंगी होती.

आमच्या वाचकांस खरें सांगावयाचें तर पुढला अर्धा तास आम्हांस शोभणारा नव्हता. पहिला विचार आला तो असा कीं वर्णन लिहिलें तेव्हां तें अक्षरशः खरें होतें. खोटें कोणी लिहिलेलें नाहीं. दुसरा असा कीं शेंकडों रेघांत ही एक कोणास दिसणार? तिसरा असा कीं घेणारीस आमचें नांव कळणार नाहीं, आम्हांस तिचें नाहीं, आणि आठ दिवसांत आम्ही पुण्यास असूं. चौथा विचार लिहितांना हात जड होतो. चिरंजिवांच्या मेजावर काळ्या शाईची बाटली होती. बोटाला थोडी लावून त्या रेघेवरून फिरवली असती कीं ती रेघ इतर रेघांसारखीच झाली असती. कारागीर तरी दुसरें काय करतो? आम्ही उठून मेजापर्यंत गेलों नाहीं. पण मेज कोठें आहे तें आम्हांस आठवलें, हें खरें.

त्याऐवजीं आम्हीं पेला कांठोकांठ पाण्यानें भरला, वर्तमानपत्राच्या घडीवर ठेवला आणि निजावयास गेलों. चीर झिलईपुरतीच असेल तर पाणी राहील, अशी आशा होती. आपल्याकडे माठ घेतांना बोटाच्या पेरानें वाजवून पाहतात; पण दुहेरी भिंतीचा पेला वाजवून त्यावरून काय ओळखावें तें आम्हांस कळेना.

सकाळीं आम्ही उठण्याच्या आधीं आमचें कुटुंब ओट्यापाशीं उभें होतें.

“अहो, रात्री हा पेला भरून कुणी ठेवला?”

“कां?”

“खाली कागद भिजलाय. आणि ह्या पांखराच्या भोकातून पाणी येतंय.”

आंतल्या भिंतीची चीर मातीपार गेली होती. पाणी पोकळींत झिरपून बाहेरच्या छिद्रांतून थेंब थेंब येत होतें. आम्हीं जें झालें तें सांगितलें. शाईचें तेव्हां सांगितलें नाहीं. तें त्यांस हा अंक हातीं पडल्यावर कळेल.

चिरंजीव दांत घांसत आले. त्यांनीं पेला हातांत घेऊन फिरविला व म्हणाले, “बाबा, एवढ्या रेघांत कुणाला कळणार आहे? आणि वर्णन लिहिलं तेव्हा पेला चांगलाच होता. आपण काही खोटं नाही लिहिलेलं.”

आमचाच युक्तिवाद, शब्दाला शब्द, आमच्या मुलाच्या तोंडून आम्हीं ऐकला. रात्रीं तो आम्हांस चतुर वाटला होता. आतां पस्तीस वर्षांच्या माणसास हें कोणी शिकविलें, असा प्रश्न मनांत आला, आणि उत्तरासाठीं दूर जावें लागलें नाहीं. आम्ही म्हणालों, “नाही रे. रात्री मीहि असंच म्हणालो. लिहिलं तेव्हा खरं होतं, पण ती घेणार आहे आज.”

सूनबाई एवढा वेळ कांहीं बोलली नव्हती. तिनें मोबाईल घेतला व आमच्यापुढें बसली. “बाबा, जपानीत कसं लिहायचं ते मी बघते. काय झालं ते तुम्ही सांगा. मी सांगितलं तर मी ते थोडं गोड करीन.”

ह्या बाजारांत पुष्कळ विक्रेते वर्णनाखालीं ‘तक्रार नको, परतावा नको’ असें ठोकून देतात. न सांगितलेला दोष निघाला तर बाजाराच्या नियमापुढें त्या वाक्यास किंमत नाहीं. पण तें वाक्य लिहिणाऱ्याची भीति मात्र त्यावरून दिसते. आम्हीं सांगितलें व तिनें लिहिलें तें असें: पैसे आल्यानंतर, काल रात्रीं, धुतांना धाकटा पेला नळास लागला. कडेपासून दोन बोटें चीर आहे. ती झिलईची नव्हे; पेला गळतो, रात्रभरांत कागद भिजला. मोठा उत्तम आहे. आपण सांगाल तर व्यवहार रद्द करूं. चूक घरांतल्या वडील माणसाची आहे व तो क्षमा मागतो. बरोबर दोन छायाचित्रें जोडलीं: एक चिरेचें, एक ओल्या कागदाचें.

उत्तर सायंकाळपर्यंत आलें नाहीं. मधल्या वेळांत घरांत सोन्यानें पेले सांधण्याची गोष्ट निघाली. लाखेसारख्या एका झाडाच्या चिकानें तुकडे जोडून वर सोन्याची पूड देण्याची ही जपानी कला अलीकडे व्याख्यानांतून फार ऐकूं येते. फुटकें भांडें व फुटकें मन ह्यांवर तींत एकच उपाय सांगतात. प्रत्यक्षांत तो चीक वाळण्यास आठवडे लागतात व चांगल्या कारागिराची मजुरी पेल्याहून अधिक होते. आमच्यापाशीं आठ दिवस होते.

रात्रीं उत्तर आलें. सूनबाईनें तें आम्हांस मराठींत करून सांगितलें. कळविल्याबद्दल आभार; आईस विचारावयाचें होतें म्हणून उशीर झाला. आईचें घर नामिएस होतें. तेथें अशाच पेल्यांतून चहा होत असे. घर सोडलें तेव्हां ते मांडणीवर राहिले व मागून आणतां आले नाहींत. आई म्हणते, गळका पेला चालेल, त्यांत चहा घालणार नाहीं. किंमत थोडी कमी कराल का?

आमच्या कुटुंबानें पदर डोळ्यांस लावला. चिरंजिवांनीं पेटीचें झांकण उघडून पुन्हां लावलें.

किंमत कमी करणें दिसतें तितकें सोपें नव्हतें. एकदां पैसे भरले म्हणजे आंकडा बदलतां येत नाहीं. उभयपक्षीं व्यवहार रद्द करून वस्तु नव्यानें मांडावी लागते, आणि मांडतांच ती साऱ्या जपानास दिसते. ‘हें अमुकासाठीं राखलेलें आहे’ असें वर लिहावयाची चाल आहे, पण ती केवळ भलेपणाची. तिऱ्हाईतानें आधीं पैसे भरले तर तो घेऊं शकतो. स्वस्तांत घेऊन चढ्या भावानें विकणारे पुष्कळ टपलेले असतात. सूनबाईनें तीन हजार येन किंमत घालून, पांचवी पायरी देऊन, चिरेचें छायाचित्र सर्वांत पुढें लावून जोडी पुन्हां मांडली, आणि आम्ही चौघे त्या लहानशा कांचेकडे पाहत बसलों. मोठा पेला एकटाच चांगला असल्यानें कोणी त्याच्यापुरतीच जोडी उचलील ही धास्ती होती. बारा मिनिटें गेलीं. मग नांव आलें, आणि तें तिचेंच होतें.

दोन्ही पेले दुसऱ्या दिवशीं बांधले. बांधावयाचें काम आमच्याकडून काढून घेण्यांत आलें होतें. आम्हीं कागद चुरगळून देण्यापुरते उरलों. प्रत्येक पेल्याच्या आंत कागद, बाहेर कागद, मग फुग्यांचें प्लॅस्टिक, मग किरीची पेटी, पेटीभोंवतीं चिंध्या, आणि खोका हलवून पाहिला तर आंत कांहीं हलतां कामा नये. चिंध्यांसाठीं आमच्या कुटुंबानें आपल्या जुन्या नऊवारीचा तुकडा दिला. पुण्याहून तो कशासाठीं आणला होता हें विचारण्याचें धैर्य आम्हांस झालें नाहीं. कोपऱ्यावरच्या चोवीस तास उघड्या असणाऱ्या दुकानांत सूनबाईनें मोबाईलवरची खूण दाखविली, पोऱ्यानें खोक्यावर नाजूक मालाची चिठ्ठी लावली, आणि पेले गेले. कोणत्या गांवीं, तें आम्हांस आजहि ठाऊक नाहीं. कंपनीचे दहा टक्के व टपालखर्च जाऊन दोन हजारांच्या आसपास येन हातीं राहिले. किमतींत जी खोट आली ती आम्हीं भरून देऊं केली. चिरंजिवांनीं ती घेतली नाहीं, पण नाहीं म्हणावयास त्यांनीं जरा वेळ लावला, हेंहि नमूद केलें पाहिजे.

निघण्याच्या दिवशीं विमानतळावर बसलों असतां घेणारीचा शेरा आला. पेले सुखरूप पोंचले. भोंवतीं गुंडाळलेलें कापड सुंदर आहे, तें परत पाठवावयाचें काय? सकाळीं आईनें मोठ्यांतून चहा घेतला. धाकटा घेऊन आम्ही दोघी खिडकीपाशीं चीर शोधीत बसलों. आईनें एका रेघेवर बोट ठेवलें, मीं दुसऱ्या.

सूनबाईनें तें दोनदां वाचून दाखविलें, आणि कापडाबद्दल काय लिहूं म्हणून सासूबाईंकडे पाहिलें. “राहू दे म्हणावं,” आमचें कुटुंब म्हणालें, आणि तोंवर विमानाची हांक झाली.